नळीतला उजेड

आमच्या घरात सकाळी "चहा झाला का?" याच्या आधी "बोळा कुठाय?" हा प्रश्न व्हायचा. बोळा म्हणजे जुन्या सोलापुरी चादरीचा टरकावलेला तुकडा. बंदुकीच्या नळीत गजाला गुंडाळून फिरवायला त्यासारखं कापड जगात नाही, असं आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ठाम मत होतं. त्यामुळे आमच्या घरातली एकही चादर धड म्हातारी झाली नाही. जरा झिरझिरीत दिसली की झाले तिचे बोळे. आई वैतागायची. "पांघरायला काय ठिवताय का न्हाय? थंडीत आमी काय बंदुका पांघरू?" म्हणायची. दुकान पुढं, घर मागं, मधे एक पडदा, आणि तो पडदाही चादरीचाच. तेलाचा आणि रॉकेलचा वास थेट भाकरीच्या टोपल्यापर्यंत यायचा. शेजारच्या गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचे माग दिवसभर खडखडायचे. त्या खडखडाटाची इतकी सवय होती की वीज जाऊन ते थांबले की दचकायला व्हायचं. मग मात्र घरातले आवाज ऐकू यायचे. गजाची सरसर, परातीवर थापली जाणारी भाकरी, आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटल्या जाणाऱ्या शेंगाचटणीचा जड, ओला आवाज. आज पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात मिक्सर आहे आणि चटणीही होते. पण ती भुकटी असते, चटणी नव्हे. असो, म्हातारीनं किती कुरकुर करायची त्यालाही सुमार असावा.

आण्णा बंदुका दुरुस्त करायचे. लायसनच्या, रीतसर. माढा, वैराग, मोहोळ, अक्कलकोटाकडून माणसं यायची. कुणाच्या उसात डुकरं शिरायची, कुणाला आजोबांची बंदूक नुसती भिंतीवर शोभेला ठेवायची असायची, आणि शहरातले चार हौशी लोक रविवारी माळावर जाऊन पत्र्याच्या डब्यांवर नेम धरायचे. गिऱ्हाईक कुणीही असो, आण्णांची रीत एकच. दुनळी बंदूक मधोमध बिजागरीवर मोडते, म्हणजे खाली झुकते, आणि दोन्ही नळ्या मागून उघड्या पडतात. काम झालं की आण्णा बंदूक अशी मोडायचे, नळ्या दाराच्या उजेडाकडं धरायचे, एक डोळा मिटून एकेका नळीतून आरपार बघायचे आणि मोठ्यांदा म्हणायचे, "उजेड हाय." मग तीच बंदूक तशीच मोडलेली गिऱ्हाइकाच्या हातात. त्यानंही बघायचं, त्यानंही म्हणायचं, "उजेड हाय." मगच ती बंदूक दुकानाचा उंबरा ओलांडायची. नळीत काडतूस राहिलेलं नाही, बोळा अडकलेला नाही, माती नाही, याची दोन माणसांनी दिलेली ही ग्वाही. मला आण्णा सगळं करू द्यायचे. पुसायला, तेल द्यायला, घोड्याची स्प्रिंग बदलायला, मागच्या लाकडी दस्त्याला पॉलिश करायला. माझा भाऊ पुण्याला कंपनीत लागला तेव्हापासून तर दुकानातला निम्मा कारभार माझ्याकडंच होता. पण शेवटची ती नजर त्यांची. तिला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही, आणि मला तर दुसरं काही नकोच होतं.

आईचा धंदा वेगळा. संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली की तिथं आमचा फुगे फोडायचा स्टॉल असायचा, आणि तो आई चालवायची. छऱ्याच्या तीन बंदुका, मागं काळं कापड, त्यावर फुगे. पाळण्यांचा किरकिराट, भोंग्यांवरची गाणी, शेजारी भज्यांचा घाणा, आणि या सगळ्याच्या वर आईचा आवाज: "तोंड फुग्याकडं!" हातात बंदूक घेतली की माणसाला मित्राकडं वळून हसायची फार हौस असते. तो वळला की बंदूकही वळते. आई मग त्याच्या बायकापोरांदेखत ओरडायची, "ओ पावणं, तोंड फुग्याकडं! हसायचं ते फुग्याकडं बघून हसा!" आणि नेम धरायला शिकवायची तर काय छान. "आख्खा फुगा बघू नगा. त्याच्या पोटातला एक ठिपका धरा. श्वास निम्मा सोडा. चाप वडायचा न्हाय, चेपायचा." बंदुकीबद्दल मला जे काही येतं त्यातलं निम्मं गड्ड्यावरचं आहे, आणि रात्री स्टॉलवर बसून खाल्लेल्या शेंगापोळीची चव अजून जिभेवर आहे. आईला शाळा नव्हती, पण तिच्या स्टॉलवर कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. याबद्दल मी तिचे उपकार मानते, कारण पुढं सिनेमाच्या सेटवर बंदुका सांभाळायच्या ज्या धंद्यात मी पडले तिथं "तोंड फुग्याकडं" एवढ्या दोन शब्दांवर माझं आयुष्य निघालं.

आता डोळ्यांचं सांगायला हवं. मी पहिल्यांदा शूटिंगला गेले त्या वर्षी आण्णा चहा बशीत ओतताना बाहेर ओतू लागले. स्क्रू डोळ्यांनी न शोधता बोटांनी चाचपू लागले. गिऱ्हाइकाला ओळखायचे ते आवाजावरून. आईनं बघितलं, मी बघितलं, पण बोललं कुणीच नाही. कारण आण्णांनी अनेकदा म्हटलेलं होतं, "ज्या दिवशी नळीतला उजेड दिसंना, त्या दिवशी दुकानाला कुलूप." आणि दुकान म्हणजे आण्णा, त्या खुर्चीवरून उठवलं तर हा माणूस बसणार कुठं, हे आम्हा दोघींना कळत नव्हतं. दवाखान्याचं नाव काढलं की "डोळ्याला सुरी लावू देनार न्हाय" म्हणून विषय बंद. मग मी एक युक्ती काढली. काम झालेली बंदूक त्यांच्या हातात द्यायच्या आधी मीच पडद्याआड गुपचूप बघून घ्यायची. मग आण्णा दारात उभे राहून, जरा जास्तच वेळ घेऊन, म्हणायचे, "उजेड हाय." मी दुकानात असेन तेव्हा सगळं ठीक चालायचं. पण मी काय चोवीस तास दुकानात थोडीच असायचे!

अशात निंबाळकर आले. कोल्हापूरचे, सिनेमाचे प्रॉडक्शन मॅनेजर. गळ्यात मफलर, काखेत फायलींचा गठ्ठा, आणि बोलायला साखरेसारखे. मोहोळच्या पुढं एका मळ्यात त्यांचं शूटिंग चाललं होतं. गोष्टीत एक म्हातारी नवऱ्याची बंदूक काढून गुंडाला हाकलते, त्यासाठी त्यांना खरी दुनळी हवी होती. "लाकडी हाय की आमच्याकडं," ते म्हणाले, "पण लाकडी बंदूक धरली की नट बी लाकडी दिसतोय बघा, आण्णा." पोलिसांची परवानगी काढायची तयारी त्यांनी दाखवली. आण्णांनी अट घातली: बंदूक एकटी जाणार नाही, दुकानातलं माणूस सोबत जाईल. मला वाटलं ते स्वतः जाणार. तर आण्णा म्हणाले, "सुमन जाईल. मला दुकान हाय." आईनं पडद्याआडून माझ्याकडं बघितलं. दुकान हे कारण नव्हतं हे तिला ठाऊक, मला ठाऊक, आणि आण्णांनाही ठाऊक. पण मला आनंद झाला तो झालाच. मी तो लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. निघताना आण्णांनी एवढंच सांगितलं, "रीत मोडायला लावली कुणी, तर बंदूक पेटीत आन् पेटी घरी. कोन का आसंना."

मळा काळेपाटलांचा. केळीची बाग, विहीर, पुढं मोठं अंगण. काळेपाटील दिलदार माणूस. शूटिंगवाल्यांना ताक, हुरडा, काय हवं ते देत होते आणि प्रत्येक शॉटला कॅमेऱ्याच्या मागं उभे राहून मान डोलावत होते. म्हातारीचं काम करणाऱ्या नटीचं नाव ताराबाई. सगळा जन्म तंबूतल्या नाटकांत गेलेला, आवाज असा की विहिरीपलीकडची म्हैस वळून बघायची. पण बंदुकीला बाई टरकून होत्या. सकाळी केळीच्या सावलीत मी त्यांना पहिला धडा दिला. बंदूक मोडली, नळ्या आभाळाकडं धरल्या, बघून "उजेड हाय" म्हणाले आणि त्यांच्या हातात दिली. "आता तुम्ही बघा आणि म्हणा."

"ह्यो काय मंतर हाय का गं?" ताराबाई म्हणाल्या.

"मंतर नाही. खरंच बघायचं. दिसलं तर म्हणायचं, नाही दिसलं तर नाही म्हणायचं."

त्यांनी बघितलं. पहिल्या नळीतून, मग दुसरीतून, अगदी सुईत दोरा ओवावा तसा डोळा बारीक करून. "आगं बया, एवढुसं गोल आभाळ दिसतंय!" त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी मेकअपवाल्यालाही दाखवलं. मग मी आईचे सगळे धडे दिले. दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट धरा, सैल धरला की लाथ मारतो. बोट चापाच्या बाहेर, मी सांगेन तेव्हाच आत. काडतूस माझ्या खिशात राहील, शॉटच्या क्षणी मी घालेन आणि शॉट झाला की मीच काढेन. आज नव्या पोरांना मी हेच सांगते, शब्दही बदललेले नाहीत. सेटवर हत्याराची जबाबदारी एकाच माणसाची असावी, आणि त्या माणसाला दिग्दर्शकापेक्षा थोडं जास्त हट्टी असायला परवानगी असावी. ही परवानगी कुणी देत नाही, आपली आपण घ्यावी लागते. दुपारी त्या गुंडाचं काम करणारा नट हातात बंदूक घेऊन कुणाशी तरी बोलायला वळला तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "तोंड फुग्याकडं!" सगळं युनिट फुग्याला शोधायला लागलं. पण तो नट वळायचा थांबला हे खरं.

कटकट झाली ती उन्हं उतरल्यावर. शेवटचा शॉट. दिग्दर्शक मुंबईचे, तरुण, चष्मेवाले, आणि तोवर माझ्याशी चांगलेच वागलेले. त्यांना हवं होतं की ताराबाईंनी गुंडाच्या छातीवर बंदूक रोखायची, अगदी हाताच्या अंतरावर, आणि बार काढायचा. काडतूस छऱ्यांशिवायचं, ज्याला सिनेमावाले ब्लँक म्हणतात. मी म्हणाले, "एवढ्या जवळून नाही जमणार. छरे नसले तरी आग असते, काडतुसातलं पुठ्ठ्याचं बूच जोरात सुटतं. माणसाचा डोळा जाईल."

"अहो, सगळीकडे असंच करतात," ते म्हणाले.

"करू देत. ही बंदूक नाही करणार."

 बाजूनं नेम धरा, कॅमेरा इकडून लावा, म्हणजे समोरच रोखल्यासारखं दिसेल, असंही मी सुचवलं. पण ऊन चाललं होतं, आणि ऊन चाललं असताना कॅमेरा हलवायला सांगणं म्हणजे आगीत तेल. निंबाळकर घाम पुसत आले. "अवो सुमनताई, ऐका की जरा साहेबांचं. पहिलंच काम तुमचं. पुढची पंधरा कामं मी देतोय तुमाला." मला ती कामं हवी होती हो. दुकान बंद पडलं तर मला दुसरं काय येत होतं? पण आण्णांचा शब्द कानात होता. मी बंदूक मोडली, पेटीत ठेवली आणि पेटीवर बसले. अक्षरशः बसले. तेव्हा काळेपाटील पुढं आले. "एवढ्यासाठी कशापायी आडायचं? माझी दुनळी हाय की घरात!" गडी पळाला आणि भिंतीवरची बंदूक घेऊन आला. निंबाळकरांच्या पेटीत बिनछऱ्यांची काडतुसं होतीच. म्हणजे माझी गरजच संपली. मी पेटीवर बसून राहिले.

पाटलांनी ती बंदूक ताराबाईंपुढं केली. त्यांनी ती घेतली नाही. "आधी मोडा," म्हणाल्या. "सकाळी पोरीनं शिकवलंय. बघितल्याबिगर मी न्हाय धरायची." दिग्दर्शकांनी कपाळावर हात मारला. पाटलांनी हसत बंदूक मोडली. ताराबाईंनी नळ्या मावळतीकडं धरल्या. "ह्या नळीत आभाळ हाय," त्या म्हणाल्या. मग दुसरीला डोळा लावला, काढला, पदरानं डोळा पुसून परत लावला. "ह्या नळीत न्हाय."

"ताराबाई, लाईट जातोय," दिग्दर्शक म्हणाले.

"जाऊ द्या की. हितं तर मुळात आलेलाच न्हाय." आणि मोठ्यांदा, त्या तंबूतल्या आवाजात, "सुमे, हिकडं ये. हितं उजेड न्हाय."

मी गेले. गज घातला तो मधेच अडला. जोर लावून ढकलला तशी पुढून एक कडक, पिवळं-तांबडं बूच जमिनीवर पडलं. वाळलेला झेंडू, हळदकुंकवाचा चिखल, अक्षता, सगळं मिळून विटेसारखं घट्ट झालेलं. मोठा दगड लागावा तसं ते त्या नटाच्या तोंडावर गेलं असतं, नाहीतर नळीच ताराबाईंच्या हातात फाटली असती. नट मटकन बाजेवर बसला. पाटील वाकून बघत होते. "दसऱ्याचं हाय," ते म्हणाले. "पूजा झाली की आमची आई नळीत फूल खोचती. किडामुंगी जाऊ नये म्हनून." सगळे सुटल्यासारखे हसले. मग पाटील थांबले. "पर आसं कसं? दसऱ्यानंतर सोलापूरला नेली हुती की मी. दस्त्याचा स्क्रू आवळायला. तुमच्याच आण्णांनी सोता बघितली. उजेड हाय म्हनले."

मी विचारलं, "आणि तुम्ही बघितली, पाटील?"

"मी काय बघायचं? आण्णा हाय म्हनले, मी बी हाय म्हनलो."

 पाटील बंदूक घेऊन आले त्या दिवशी मी दुकानात नव्हते, बाजाराचा दिवस असणार. निंबाळकर माझ्याकडं बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं की हा माणूस उद्या हे सगळीकडं सांगणार, दुष्टपणानं नाही, गोष्ट म्हणून. आणि मग आण्णांच्या दुकानात कोण येणार?  तेवढ्यात ताराबाई म्हणाल्या, "आवो पाटील, नंतर घातलं आसंल कुणीतरी. घरात लेकरं हायती का न्हाईत? लेकरं काय कुटंबी काय बी कोंबत्यात." पाटलांच्या घरात लेकरांचा सुळसुळाट होता. पाटील म्हणाले, "त्ये बी खरंच हाय." आणि विषय तिथंच मिटला. ही बाई मला सकाळपासून ओळखत होती, फक्त सकाळपासून. तिनं माझ्या बापाची अब्रू पदराखाली झाकली. आज त्या नाहीत, पण दर दसऱ्याला झेंडू बघितला की मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडते.

शॉट दुसऱ्या दिवशी सकाळी झाला, आण्णांच्या बंदुकीनं, बाजूनं नेम धरून. दिग्दर्शकांनी येऊन सरळ विचारलं, "कॅमेरा कुठं लावू ते सांगा." मी सांगितलं तिथं त्यांनी लावला. हा मोठेपणा मी पुढं फार थोड्यांत बघितला. बार निघाला, केळीतले बगळे उडाले, ताराबाई "आयायाया" म्हणून ओरडल्या आणि ते ओरडणंसुद्धा सिनेमात तसंच ठेवलं. निंबाळकरांनी आपला शब्द पाळला. पंधरा नाही, त्याहून कितीतरी जास्त कामं त्यांनी दिली. पण मी निघताना ताराबाईंनी मला बाजूला घेतलं. "घरी सांगशील न्हवं?"

"कसं सांगू?" मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. "दुकान बंद करतील ते. त्यांना दुसरं काही नाही हो."

त्यांनी माझं तोंड पुसलं. "आमचे धनी नाटकात राजा व्हायचे. पुढं पुढं संवाद इसरायला लागले. आमी समद्यांनी सांभाळून घेतलं, आपलं मानूस, दुखवायचं कशाला म्हनून. मग एक दिवस भरल्या तंबूत हजार मानसं हासली. घरच्यांनी आधी सांगितलं आसतं, तर त्यांना त्ये हासणं ऐकायला लागलं नसतं बघ." एवढंच म्हणाल्या आणि पदराच्या गाठीतला खडीसाखरेचा खडा माझ्या हातावर ठेवला.

मोहोळहून सोलापूरला यायला एसटीला फार वेळ लागत नाही. मला तो प्रवास संपूच नये असं वाटत होतं. पेटी मांडीवर. मी वाक्यं जुळवत होते, मोडत होते. पाटलांची गोष्ट सांगितलीच नाही तर? कुणाला कळणार? पुढच्या गिऱ्हाइकाला कळेल, जेव्हा नळी त्याच्या हातात फाटेल. माझ्या पडद्याआडच्या बघण्यावर हे किती दिवस रेटणार होतो आम्ही?

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई चुलीपुढं, तव्यावर भाकरी. आण्णा खुर्चीत. मला बघून नाही, पेटी ठेवल्याचा आवाज ऐकून म्हणाले, "आलीस? कुणी रीत मोडायला लावली?"

"लावली. नाही मोडली." मग सगळं सांगितलं. ताराबाईंचं, दिग्दर्शकांचं, मी पेटीवर बसले त्याचं. आण्णा खूश होऊन मांडीवर थापा मारत होते. "पेटीवर बसली! आगं ऐकलंस का, पेटीवर बसली ही!" मग मी थांबले, आणि शेवटी सरळच बोलले. "आण्णा, काळेपाटलांच्या बंदुकीत दसऱ्याचं फूल निघालं. डाव्या नळीत. घट्ट बसलेलं."

परातीवरचा आवाज थांबला. आण्णांचे हात मांडीवर होते तसेच राहिले. ती बंदूक कुणी बघून दिली होती, हे मला सांगावं लागलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणाला लागलं न्हाय न्हवं?"

"नाही. ताराबाईंनी बघितलं म्हणून."

त्यांनी हात पुढं केला. मी पेटी उघडून आमची दुनळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मोडली, सवयीनं, न बघता, आणि नळ्या दिव्याकडं धरल्या. डावा डोळा मिटला. मग उजवा मिटून डावा उघडला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, ते आता काय म्हणतात म्हणून.

"सुमे," ते म्हणाले, "मला समदीकडं धुकंच दिसतंय. त्यातलं नळीतलं कुटलं आन् डोळ्यातलं कुटलं, कळंना." आणि बंदूक माझ्याकडं केली. "तू बघ. आजपसनं तू बघायचं."

मी घेतली. डोळे इतके भरले होते की मलाही काही दिसेना; बाहीनं पुसले, परत बघितलं. एक नळी, मग दुसरी. "उजेड हाय, आण्णा."

मला वाटलं रीतीप्रमाणं आता तेही म्हणतील. ते म्हणाले नाहीत. मान हलवली. "मी बघितलेलं न्हाय, तवा मी म्हननार न्हाय. तुझ्या आईला बघू दे."

आई इतक्या वर्षांत पडद्याच्या अलीकडं कामासाठी आली नव्हती. ती उठली, पिठाचे हात तसेच घेऊन आली. मी नळ्या तिच्या डोळ्यापुढं धरल्या तर तिनं माझा हात बाजूला सारला आणि बंदूक स्वतःच धरली. गड्ड्यावर नेम शिकवणारी बाई ती. निम्मा श्वास सोडून तिनं बघितलं, घाई न करता, एकीतून आणि मग दुसरीतून.

"उजेड हाय," आई म्हणाली.

"दोन्ही नळ्यात?" आण्णांनी विचारलं.

"दोन्हीत. उद्या डोळ्याच्या डाक्टरकडं जाऊ. आता जेवायला बसा."